ऊर्फकाका

दोन कागद समोर आले की ते आधी चष्मा कपाळावर ढकलायचे. मग एका कागदावर डावा अंगठा, दुसऱ्यावर उजवा अंगठा ठेवून दोन्ही कागद टेबलावरून हळूहळू सरकवत एकमेकांना भिडवायचे. कडा जुळल्या की मान हलवून म्हणायचे, "दोन्ही खरं धरायचं. मधलं पान आपल्याकडे नाही, एवढंच."

तुमच्याही तालुक्याच्या गावी कचेरीसमोर असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल. झाडाखाली टेबल, टेबलावर आधी टाइपरायटर आणि आता लॅपटॉप, बाजूला शाईचं पॅड आणि अंगठे पुसून पुसून काळं झालेलं फडकं. आमच्या शहापूरला शिरीषाच्या झाडाखाली हे बसायचे. त्यांच्या पाठीमागेच माझं झेरॉक्सचं दुकान. बावीस वर्षं मी त्यांची पाठ बघितली आणि त्यांनी माझी कटकट ऐकली. तोंडाने मी जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचं काम म्हणजे न जुळणारं जुळवून देणं. आधारवर काळूराम, शाळेच्या दाखल्यावर काळू, रेशनकार्डावर भलतंच काहीतरी. एकाच माणसाच्या तीन जन्मतारखा. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, आणि हाक मारायचं तिसरं. कचेरीत गेलं की खिडकीतून कागद परत यायचा: नाव जुळत नाही. मग माणूस रडवेला होऊन झाडाखाली यायचा. काका त्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि स्टॅम्पपेपरवर टाइप करायचे की अमुक ऊर्फ तमुक ही दोन्ही नावे माझीच असून सदर व्यक्ती एकच आहे. म्हणून लोक त्यांना ऊर्फकाका म्हणायचे. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही कागदावर.

त्यांना एक वेड होतं. 'अठ्ठाविसावं नक्षत्र' नावाच्या अवकाशयानाच्या गोष्टी. आम्ही शाळेत असताना त्याची खिशात मावणारी पुस्तकं यायची. मग ती गोष्ट टीव्हीवर आली, मग दुसऱ्याच कुणीतरी पुन्हा पुस्तकं लिहिली, आता मोबाइलवर नवे भाग येतात. लेखक बदलले, नट बदलले, यानाचा रंगसुद्धा बदलला. पण यान तेच आणि कप्तान तोच. एवढ्या वर्षांच्या लांबणीत चुका होणारच की हो! पण काकांसमोर चूक हा शब्द काढायची सोय नव्हती.

मला त्यांना डिवचायला मजा यायची. गिऱ्हाईक नसलं की मी मुद्दाम एखादी विसंगती शोधून ठेवायचो.

"काका, चौथ्या पुस्तकात कप्तानाचा डावा हात दारात सापडून तुटला ना? मग सातव्यात टाळ्या कशा वाजवतो?"

"पाचवं वाचलंस?"

"वाचलं."

"त्यात यान एका ग्रहावर अकरा दिवस थांबतं. कशासाठी, ते लिहिलंय कुठे?"

"नाही."

"हात बसवायला." असं म्हणून ते चष्मा खाली ओढायचे. "मधलं पान आपल्याकडे नाही रे बाबा. म्हणून काय ते घडलंच नाही?"

एका ग्रहावर दोन सूर्य होते आणि माणसांची सावली मात्र एकच पडायची. त्यावर काकांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की त्या वेळी एक सूर्य दुसऱ्याच्या मागे गेला असणार. असे तीनशेच्या वर खुलासे त्यांनी एका निळ्या वहीत लिहून ठेवले होते. कुठून कुठून लोक फोन करून त्यांना कोडी घालायचे. सांगलीहून एक प्राध्यापक तर नुसती ती वही बघायला आले होते. त्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मला दोनदा विचारलं होतं, कॉलर नीट आहे ना?

एका बाबतीत मात्र आमचं कधीच पटलं नाही. पुस्तकांत यानाला दिशा दाखवणारी एक बाई होती, रेवती. टीव्हीवर त्याच खुर्चीत रोहिणी आली. तेच काम, तीच गुणगुणायची सवय. रेवती कुठे गेली, ते कुणीच सांगितलं नाही. काकांचा खुलासा ठरलेला होता. रेवती ऊर्फ रोहिणी. एकच बाई, मधे नाव बदललं.

"दोघी आहेत हो काका," मी म्हणायचो. "पहिलीला विसरले, दुसरी आणून बसवली. संपलं."

यावर ते खरोखर चिडायचे. "विसरले असं कसं म्हणतोस? जित्याजागत्या बाईला कुणी असं विसरत नाही!"

मी हसायचो. आज ते हसू परत घ्यावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी, भातकापणी चालू असताना, एक पांढरी गाडी शिरीषाखाली येऊन थांबली. उतरलेला माणूस जमिनींचे व्यवहार जुळवून देणारा. महामार्गाच्या आसपास हल्ली बंगल्यांच्या प्लॉटना मागणी आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं बोलणं फार गोड. त्याच्याबरोबर डोळखांबकडची एक म्हातारी होती, सुंदराबाई. कानाने अगदी अधू. बापाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर दोन नावं होती, सुंदराबाई आणि बारकी.

"काका, बाई एकच आहे," तो म्हणाला. "हिचंच लहानपणचं नाव बारकी. एकीचीच दोन नावं लागून बसली. तुम्ही जुळवून द्या."

काका काही निष्काळजी माणूस नव्हते. ते उठले, म्हातारीच्या कानाशी वाकले आणि ओरडून विचारलं, "आजी, बारकी म्हणजे कोण?"

"मीच की!" म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "ल्हानपनी मला समदी बारकीच बोलायची."

काकांचे डोळे चमकले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, मधलं पान स्वतः चालत आलं." आणि दोन्ही अंगठ्यांनी कागद भिडवून त्यांनी टाइप केलं: सुंदराबाई ऊर्फ बारकी. म्हातारीने अंगठा दिला. तिला ओळखतो म्हणून सही मी केली. बाई मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. पण अशा सह्या मी रोजच करायचो. काकांनी कागद पुढे केला की मी वाचायचोसुद्धा नाही.

म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात गेली. आम्हाला ते कळलंही नाही.

त्यानंतरच्या मार्गशीर्षात एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. साठीची असेल. काटक, पदर कमरेला खोचलेला.

"तुमीच का ते ऊर्फ लिवनारे?"

"हो मावशी, बसा. नाव काय?"

"आधारवर पार्वती हाय. सासरी तेच ठेवलं. पन माहेरात मी बारकी."

मी झेरॉक्सचं झाकण उघडलं होतं ते तसंच हातात राहिलं.

तिचं सासर मुरबाडकडे, म्हशाजवळ. नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती बापाच्या जमिनीवर झोपडी घालून राहत होती. तिथंच भात लावायची. या वर्षीचं भात झोडून झालं आणि दुसऱ्या दिवशी शेताला तारेचं कुंपण पडलं. झोपडी आत, बारकी बाहेर. तेव्हापासून ती म्हशाला पुतण्यांच्या ओसरीवर पडून होती. कचेरीत विचारलं तर कागद दाखवला. बारकीने जमीन केव्हाच विकली आहे, खाली अंगठा आहे.

"माझा अंगठा तर ह्यो हिथं हाय," ती म्हणाली आणि उजवा अंगठा तिने टेबलावर ठेवला.

काकांनी जुनी प्रत काढली. एक अंगठा प्रतीवर, दुसरा तिच्या आधारकार्डावर. पण कागद सरकेनात. मग त्यांनी विचारलं, "मावशी, तुमची बहीण सुंदराबाई. तिला पण बारकी म्हणायचे?"

"म्हनायचे ना. सुंदी चार वर्सांची होती तवर तीच बारकी. मंग मी झाले. आमच्यात जी समद्यात ल्हान ती बारकी." तिला हे सांगावं लागतंय याचंच तिला नवल वाटत होतं. "सुंदी उन्हाळ्यात गेली, पन खोटं नाय बोलली. तिला इचारलं तसं बोलली."

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक झाली रे."

बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. मला एकदम भीती वाटली.

"मंग आता माझं पन ऊर्फ लिवून द्या," बारकी म्हणाली. "पार्वती ऊर्फ बारकी. झालं."

"तुमचं ऊर्फ मी दुसरीला देऊन बसलोय, मावशी. कचेरीला बारकी एकच ठाऊक आहे, आणि ती वारली."

बारकीने टेबलावरचा अंगठा उचलून बघितला. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मंग मी कोन?"

त्या दिवसापासून काका बदलले. दुपारी टेबल माझ्या भरवशावर टाकून डोळखांबच्या एसटीत बसायचे. दोघी बहिणींना अंगाखांद्यावर खेळवलेली एक म्हातारी त्यांनी शोधून काढली, तिचं म्हणणं लिहून आणलं. मोबाइलवर 'नक्षत्रा'चे नवे भाग येऊन पडले होते, ते त्यांनी उघडलेही नाहीत. सांगलीच्या प्राध्यापकांचा फोन आला तर म्हणाले, "सर, सध्या मी उलट्या कामाला लागलोय. एकाचे दोन करतोय."

आणि मग पांढरी गाडी आली. तो माणूस खुर्ची ओढून बसला, निळी वही उचलली, निवांत पानं उलटली.

"छंद चांगला आहे काका. मधलं पान नसलं की तुम्ही दोन्ही खरं धरता, असं ऐकलंय. चांगली सवय आहे ती. मग आता कशाला शोधत फिरताय?"

काकांनी फडक्याची घडी करून ती पॅडशेजारी ठेवली.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही. एकटाच."

"बरंय मग." त्याने वही जागेवर नीट ठेवली, उठला आणि माझ्या काउंटरशी आला. माझ्याकडे बघून हसला. "ओळखीची सही तुमची ना? छान आहे अक्षर."

त्यानंतर ती गाडी रोज समोर उभी राहायला लागली. कुणी उतरायचं नाही. काच अर्धी खाली आणि इंजिन चालू. झाडाखाली येणारी माणसं कमी झाली. खोटं कशाला सांगू, मी टरकलो होतो.

एक दिवस मी काकांना म्हणालो, "सोडा हो. तिचं वय झालंय. सासरी पुतणे आहेत, दोन घास देतील. आणि कुणास ठाऊक, सुंदराबाईने विकताना बहिणीला विचारलंही असेल. असं पण झालं असेल, तसं पण झालं असेल."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू पण खुलासे करायला लागलास?"

मी समोरच्या गाडीकडे बघितलं.

"रेवती मेली असणार रे," ते हळूच म्हणाले. "तूच बरोबर होतास. दोघी होत्या. पहिलीचं काय झालं, ते कुणीतरी विचारलं असतं. पण मी सांगून टाकलं ना, की ती हीच. मग कोण कशाला विचारील?" त्यांनी निळी वही बाजूला सारली. "ती पुस्तकातली होती, म्हणून चालून गेलं."

मला या माणसाची इतकी माया वाटली त्या क्षणी! पण मी काय केलं, तर मशीनमध्ये कागद भरत बसलो.

पौषात त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र लिहिलं. दुसऱ्याचं नाही, स्वतःचं. की आधीचा कागद मी लिहिला, तो चुकला. सुंदराबाई आणि बारकी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पार्वतीबाई ऊर्फ बारकी हयात आहे. मला वाचून दाखवलं, त्याला स्वतःच्या आधारकार्डाची जुनी झेरॉक्स जोडली, लखोट्यात घातलं आणि माझ्याकडे दिलं.

"म्हशाला जाऊन बारकीला घेऊन येतो. तिचा पण अंगठा लागेल. हे तुझ्याकडे राहू दे, म्हशाच्या जत्रेची गर्दी आहे, एसटीत चुरगळेल."

"चुरगळेल म्हणून देताय?"

"हो की." मग फडक्याने अंगठे पुसत म्हणाले, "आणि मला उशीर झाला तर तू जा तिच्याबरोबर."

किन्हवलीवरून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत ते सकाळी चढले. खिडकीतून त्यांनी हात केला. मी पण केला.

ते आले नाहीत. बारकी म्हशाच्या देवळाच्या पायरीवर दिवसभर बसून होती, तिच्यापर्यंत ते पोचले नाहीत. पोलिसांत मी नोंद केली, तीही ऊर्फकाका याच नावाने, आणि चार ठिकाणी विचारलं. जत्रेतला एक घोंगडीवाला सांगतो, दुपारी बाराच्या सुमारास ते माझ्याकडे घोंगडी बघत उभे होते, हातात पिशवी होती. सरळगावच्या फाट्यावरचा चहावाला सांगतो, दुपारी बाराच्याच सुमारास ते एका पांढऱ्या गाडीत मागे बसलेले दिसले, दोघांच्या मधे. गाडी टोकावड्याच्या बाजूला गेली, घाटाकडे.

तुम्ही म्हणाल, दोघांतला एक चुकत असेल. घड्याळ कुणी बघितलं नव्हतं, मान्य. पण काकांच्या पद्धतीने मी दोन्ही खरं धरून बघितलं, आणि मधल्या पानावर काय असेल ते मला दिसलं. ते पान मला वाचायचं नव्हतं.

लखोटा मी कागदाच्या रिमांखाली सरकवून ठेवला. वीस दिवस. रोज शटर उघडताना वाटायचं, आज काका येतील आणि मागतील. रोज समोर ती गाडी. निळी वही मी घरी नेली होती, ती उघडायचं धाडस झालं नाही.

एकविसाव्या दिवशी बारकी आली. एकटी, म्हशाहून दोन एसट्या बदलून.

"ते नाय आले," ती म्हणाली. "तुमी येता का?"

मी लखोटा काढला. आणखी काय करणार होतो?

खिडकीतली मुलगी भली होती. तिने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बारकीकडे बघितलं, पुन्हा वाचला. मग आधारकार्डाची झेरॉक्स शेजारी धरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"कागद चांगलाय हो," ती म्हणाली. "पण लिहून देणाऱ्याचं नाव बघा. इथं एक मात्रा जास्त आहे, आधारवर नाही. नाव जुळत नाही. हे दोघं एकच, असं त्यांना स्वतः येऊन लिहून द्यावं लागेल."

मी ते नाव तेव्हा पहिल्यांदा वाचलं. दोन्ही कागदांवर. उभ्या तालुक्याची नावं जुळवली या माणसाने, आणि स्वतःची एक मात्रा तशीच राहिली होती. मला हसू आलं आणि ते तोंडातच मोडलं.

"ते येऊ शकत नाहीत," मी म्हणालो.

"मग आधीच्या कागदावर ओळखीची सही ज्याची आहे, त्याला आणा. त्यानं येऊन लिहून दिलं की अंगठा देणाऱ्या बाईला मी ओळखत नव्हतो, तरी तपास सुरू होईल."

बारकीने माझी बाही ओढली. "काय बोलते ती?"

"ती बोलते, काका नसतील तर तो जुना सहीवाला पाहिजे."

"मंग त्याला शोधू," बारकी म्हणाली. "कुठं राहतो त्यो?"

मी बाहेर बघितलं. शिरीषाखाली, काकांचं टेबल असायचं त्याच जागी, पांढरी गाडी सावलीला लावलेली होती. तिच्या मागे माझं दुकान दिसत होतं. येताना मी शटर उघडंच टाकून आलो होतो.

"इथंच राहतो," मी म्हणालो, आणि त्या मुलीकडे पेन मागितलं.